बाळंतपणानंतर डोकं वेगळं चालायला लागलं? अनुभव लिहा

'बाळंतिणीचं डोकं ठिकाणावर नसतं' हे ऐकलं नाही अशी बाई विरळाच. बार्सिलोनातल्या संशोधकांनी २५ पहिलटकरणींचे दिवस राहण्याआधीचे आणि बाळंतपणानंतरचे एमआरआय ताडून पाहिले. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ते प्रसिद्ध झालं. मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी आकसला होता, मुख्यतः दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागणारा, आणि दोन वर्षांनीही बराचसा तसाच होता. पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत घसरण नव्हती! त्यांच्या मते ही झीज नसावी, वयात येताना मेंदूत होते तशी छाटणी असावी. तुमच्याकडे काय झालं? बाबा, आज्या, सगळ्यांनी लिहा.

बँकवाली
चाचणीत घसरण नसेल, माझ्या स्वयंपाकघरात होती. 'अहो आई, ते भोकांचं भांडं द्या ना.' सासूबाई शांतपणे, 'चाळणी का?' रुजू झाल्यावर रोजच्या खातेदारांची नावं आठवेनात. पण बाळ शेवटचं कधी प्यायलं, कुठल्या बाजूला, दुपटी किती भिजली, सगळं तोंडपाठ. ही विसराळू बाई कशी म्हणायची? शिवाय रात्री तीनदा उठणाऱ्या कुठल्याही माणसाला चाळणी आठवणार नाही, असं माझं मत.

लाइनीजवळची
आमचं घर रेल्वेलाइनला लागून. शेवटची लोकल धडधडत गेली तरी मी ढिम्म, पण बाळानं नुसती कूस बदलली की ताडकन उठून बसायचे. नवरा शेजारी घोरतोय. एकदा एसटीत मागच्या सीटवरचं कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि मला पान्हा फुटला. ओढणी गुंडाळून स्वारगेटला उतरले.

शमा_७
मला यातलं काहीही झालं नाही. बाळाबद्दल माया वाटायलाच तीन-चार महिने लागले. तसंही होतं, एवढंच नोंदवते.

चौथा मजला
नाव न देता लिहितेय. बाळाला घेऊन गॅलरीत गेले की ते हातातून सुटून खाली पडतंय असं डोळ्यांसमोर दिसायचं. विळी दिसली की पोटात गोळा. मी गॅलरीचं दार लावून घेतलं, विळी माळ्यावर टाकली, भाजी नवऱ्याला बाहेरून चिरलेली आणायला सांगू लागले. आईला अर्धवट सांगितलं तर तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेवटी डॉक्टरांपुढे बोलले. त्या अजिबात दचकल्या नाहीत. असे नकोसे विचार कितीतरी नव्या आयांना येतात, तुम्हाला त्यांची भीती वाटते म्हणूनच तुम्ही एवढं जपताय, म्हणाल्या. अंगावर पाजतानाही चालेल असं औषध दिलं. विळी परत खाली आलीये.

डॉक्टरीणबाई
चौथा मजला, बोललात ते फार बरं केलंत. इतरांसाठी: बाळंतपणानंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकदम उतरतात, त्यामुळे पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं सर्रास दिसतं. त्यापुढेही टिकलं तर दाखवा, थायरॉइडही तपासून घ्या. मात्र आवाज ऐकू येणं, भलतेच संशय, झोपच नको वाटणं यांतलं काही दिसलं तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बारसं पुढे ढकलता येतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतूनही बोलता येतं.

घरी बसलेला बाबा
बायको कामावर, मी घरी. आता लोकल मला ऐकू येत नाही, कूस ऐकू येते. इस्रायलमध्ये २०१४ साली आईशिवाय बाळ सांभाळणाऱ्या बाबांचे स्कॅन काढले होते. मेंदूतला धोका हेरणारा भाग त्यांच्यातही आयांइतकाच जागा दिसला. त्यामुळे 'बायकांना ते जन्मजात असतं' म्हणत घोरणाऱ्यांनी जरा जपून.

नातवाची आजी
आम्हाला सव्वा महिना खोलीबाहेर पडू देत नसत. अळिवाची खीर, शेक-शेगडी, पण काय वाटतंय हे कुणी विचारायचं नाही. माझी आई मात्र म्हणायची, बाळंतिणीला हिशेब विचारू नये. सून दूध काढून ठेवते, रात्रीची पहिली पाळी माझी. तिला चार तास सलग झोप मिळायला लागल्यापासून चाळणी, झारा, किसणी सगळं आठवतं. बँकवाली, तुझ्या सासूबाईंना हे वाचून दाखव.