खदानीतल्या नोकऱ्या सोलरने खाल्ल्या का?

घुग्गुसवाला: परवा लग्नाला गेलो तर मंडपात विषय एकच, पोराला खदानीत चिकटवायचं कसं. अरे पण नोकऱ्या राहिल्या कुठे? २०२१ ला ग्लासगोला आपण २०७० पर्यंत नेट झिरो करू, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढा शोषूनही घेऊ, असा शब्द देऊन आलो तेव्हाच कोळशाची तेरवी न सोलरची वरात ठरली. वडील २८ वर्षं अंडरग्राउंडला होते, लॅम्प रूममध्ये टोकन टाकायचं, कॅप लॅम्प घ्यायचा न खाली उतरायचं, त्याच पगारात घर झालं, ताईचं लग्न झालं. आता ती खदान बंद, क्वार्टरच्या खिडक्यासुद्धा लोकांनी काढून नेल्या.

कोरडवाहू: भाऊ, चोर सोडून संन्याशाला फाशी देताय. कोळसा कमी झालाच कुठे? कोल इंडियात २००० च्या सुमारास पाच लाखांवर कायम कामगार होते, आता सव्वादोन लाखांच्या आसपास. आणि कोळसा तेव्हा २७ कोटी टनांच्या आसपास निघायचा, २०२३-२४ ला ७७ कोटी! हे सोलरने केलं? हे ओपनकास्टने केलं, म्हणजे वरून माती काढून उघड्यावर कोळसा खणायच्या खदानींनी. जिथे कोळसा भरायला शेकडो लोडर कामगार लागायचे तिथे आज खोदायला एक शॉवेल मशीन न डंपरची रांग, आणि वरची माती काढायचं काम ठेकेदाराकडे.

घुग्गुसवाला: मग ठेकेदारी काय आभाळातून पडली का? तीही पॉलिसीच ना. २०२० ला खासगीवाल्यांना कोळसा काढून बाजारात विकायची मुभा दिली तीही पॉलिसीच. मी तेच तर म्हणतोय.

कोरडवाहू: नाही, तुम्ही सोलर म्हणत होता. वर वाचा.

तिसरी पाळी: मी ओव्हरमन, म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणारा, म्हणून रिटायर झालो. अंडरग्राउंडच्या आठवणी काढणाऱ्यांनी एकदा तरी खाली छत ठोकून पाहावं, आवाज पोकळ आला की कसं पाणी पाणी होतं ते कळेल. माझा पोरगा खाली गेला नाही याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की त्याच खदानीत ठेकेदाराचा ड्रायव्हर बारा बारा तास डंपर चालवतो न त्याला आमच्या निम्मा पगारही नाही.

पावणेदोन एकर: आमचं वेगळंच. खदानीत जमीन गेली की दोन एकराला एक नोकरी असा हिशेब, आमची भरली पावणेदोन, म्हणून काकाचा तुकडा जोडला आणि नोकरी लागली चुलतभावाला. आता तो फोन उचलत नाही 😀 असो. सोलरवाल्यांना एकच विचारतो, मोठे पार्क राजस्थानात, गुजरातेत, तर पॅनल पुसायला आमची पोरं तिकडे राजस्थानात भाडल्याच्या सोलर पार्कला जाणार काय?

कोरडवाहू: म्हणूनच म्हणतो भांडायचं तर जिल्हा खनिज निधीसाठी भांडा. २०१५ पासून कायदाच आहे, खाणीमुळे ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठीच तो पैसा. रस्ते न सभागृहं बांधण्यापेक्षा पोरांना ट्रेनिंग द्या म्हणावं, ते कोणी मागतच नाही.

पावणेदोन एकर: ट्रेनिंगचं सांगू नका राजेहो. भाच्याने सोलर टेक्निशियनचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय. सध्या ठेकेदाराच्या डंपरवर आहे.

घुग्गुसवाला: कोणत्या खदानीत? आणखी जागा आहे का तिथं?