‘देवावर विश्वास’ की ‘देवावर भरवसा’?

लेखणी : आजारी माणसाजवळ म्हणावयाच्या एका ख्रिस्ती प्रार्थनेचे मी मराठी भाषांतर करीत आहे. तिच्यातील मुख्य वाक्य मी ‘या दुखण्यात मला तुझ्यावर विश्वास ठेवता येऊ दे’ असे लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी हरकत घेतली, की जन्मभर प्रार्थना करीत आलेल्या माणसाला देव आहे की नाही ही शंका नसते, त्या देवावर भार टाकून निजता येत नाही ही त्याची अडचण असते, आणि ती ‘विश्वास’ या शब्दात येत नाही. त्यांनी ‘भाव ठेवणे’ सुचवले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

जुना वाचक : बाईंचे म्हणणे रास्त आहे. नीतिसूत्रे 3:5 मध्ये मराठी बायबल ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असेच म्हणते. तेथील हिब्रू क्रियापद ‘बाताख’ आहे, आणि त्याचा रोख एखादे मत मान्य करण्याकडे नसून निर्धास्तपणे विसंबण्याकडे आहे. स्तोत्र 22 ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ या आक्रोशाने सुरू होते, आणि लगेच पुढे, पूर्वजांनी तुझ्यावर भाव ठेवला हे सांगताना, चौथ्या-पाचव्या ओवीत हेच क्रियापद तीनदा येते.

सरळमार्गी : भाव बाजारात असतो किंवा चेहऱ्यावर असतो, असेच आजच्या वाचकाला वाटणार. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाती शब्दकोश देणार आहात काय? ‘भरवसा’ लिहावे आणि मोकळे व्हावे. हा शब्द ‘भर’ आणि ‘वसणे’ यांपासून आला असावा, म्हणजे आपला भार जेथे वसतो ते ठिकाण, असे मला फार दिवसांपासून वाटते.

धातुपाठ : ही व्युत्पत्ती गोड आहे, परंतु तिला आधार दाखवावा. ‘विश्वास’ मात्र उगाच बदनाम होत आहे. त्यात ‘श्वस्’ हा धातू आहे, आणि ‘विश्वस्’ म्हणजे मोकळा श्वास घेणे, निर्भय असणे. भयाने छाती दडपलेल्या माणसासाठी याहून नेमका शब्द कोठून आणणार? ‘श्रद्धा’ही चालेल. लॅटिन मतांगिकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा जाहीर उच्चार, ज्या ‘क्रेदो’ (‘मी विश्वास ठेवतो’) या शब्दाने सुरू होतो, तो आणि ‘श्रद्धा’ एकाच मुळाचे आहेत.

सरळमार्गी : मूळ तेथे असेल, पण रूढी तेथे राहिलेली नाही. ‘माझा विश्वास आहे’ याचा आजचा अर्थ ‘मला हे पटते’ एवढाच उरला आहे.

लेखणी : ‘देवावर हवाला ठेवणे’ कसे वाटते? ते बोलण्यात आहे.

धातुपाठ : अरबी शब्द, आणि आज त्याला काळ्या पैशाचा वास. प्रार्थनेत तरी भाषा सोवळी असू द्यावी.

जुना वाचक : सोवळ्याचा प्रश्न बाजूला ठेवतो, कारण माझा आक्षेप अर्थाला आहे. हवाला ठेवणारा माणूस पुढे बोलत नाही; जे होईल ते होवो, असे म्हणून तो गप्प राहतो. ख्रिस्ती प्रार्थनेतला भरवसा बोलका असतो. स्तोत्र 13 मध्ये भक्त ‘कोठवर’ असे चार वेळा विचारतो आणि त्यानंतर आपण देवाच्या दयेवर भरवसा ठेवला आहे असे सांगतो, म्हणजे तक्रार आणि भरवसा एकाच प्रार्थनेत मावतात. गेथशेमाने बागेत येशूनेही आधी ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी मागणी केली, आणि मगच पित्याच्या इच्छेला मान दिला. मागणीच गाळली, तर उरतो तो निव्वळ निरुपाय. मार्कच्या शुभवर्तमानात (9:24) आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप तर विश्वास असल्याचे सांगता सांगताच आपल्या अविश्वासावर मदत मागतो. तेथे ग्रीक धातू ‘बाताख’चा भाऊबंद नाही, हे धातुपाठ सांगतीलच.

धातुपाठ : सांगतो. तेथील ‘पिस्तेउओ’ या ग्रीक क्रियापदात मानणे आणि सोपवणे हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणून मूळ ग्रीक असलेल्या नव्या करारात ‘विश्वास’ योग्यच आहे. आणि शब्दांचा इतका काथ्याकूट चाललाच आहे, तर शेवटचा ‘आमेन’ तरी मराठीत का आणू नये? ‘तथास्तु’ आपल्याकडे तयार आहे.

सरळमार्गी : ‘तथास्तु’ वर देणारा म्हणतो आणि ‘आमेन’ मागणारा म्हणतो. रुग्णाने स्वतःलाच वर द्यावयाचा काय?

जुना वाचक : शिवाय ‘आमेन’चे मूळ आणि विश्वासूपणा या अर्थाच्या ‘एमुना’ या हिब्रू शब्दाचे मूळ एकच आहे, त्यात खंबीरपणाचा, न ढळण्याचा अर्थ आहे. लेखणीताईंना हवा असलेला शब्द प्रार्थनेच्या शेवटी आधीच बसलेला आहे, आणि ‘तथास्तु’ने नेमका तोच पुसला जाईल.

धातुपाठ : प्रकटीकरण 3:14 मध्ये ख्रिस्तालाच ‘आमेन’ म्हटले आहे. म्हणजे तो शब्द देणाऱ्याचाही झाला. यावर सरळमार्गींचे काय म्हणणे आहे?

लेखणी : मसुदा उद्या द्यावयाचा आहे. ‘भरवसा’ आणि ‘भाव’ यांपैकी एक कोणी निवडून देईल काय?