डांबरीवर आणि रानात, दोन्हीकडे चालणारं जीपीएस: आपापले अनुभव सांगा

कडकभाकरी

मंडळी, सोलापूर आणि आसपास गाडी घेऊन भटकणाऱ्यांसाठी हा धागा. प्रश्न साधा आहे. शनिवार-रविवारी तुळजापूर, नळदुर्ग, विजयपूर. वर्षातून एखादी लांबची मजल, कोकण नाहीतर हिमाचल. आणि मधल्या काळात हत्तरसंग कुडलच्या संगमाकडच्या गाडीवाटा, माळावरचे खडीचे रस्ते, सीनेकाठच्या पाणंदी. या सगळ्याला पुरेल असं एकच यंत्र आहे का, की दोन बाळगावी लागतात?

कंपनीच्या वेबसाइटवरचं कोष्टक इथे चिकटवू नका, ते सगळ्यांनी पाहिलंय. गाडी कोणती, ऋतू कोणता, काय वापरलं आणि ते कुठे रुसलं एवढं लिहा. आपल्याकडचं ऑफरोड म्हणजे बर्फ आणि वाळवंट नव्हे. काळी माती, वेड्या बाभळीचे काटे, ओढा आणि मे महिन्याचं ऊन, त्या हिशेबाने सांगा. बजेट विचारू नका, घरात अजून सांगितलेलं नाही.

शेंगाचटणी

मी मोटारसायकलवाला, त्यामुळे माझं गणित वेगळं. रोजचा फोन हँडलवर लावला की एप्रिलमध्ये मोहोळच्या अलीकडेच पडद्यावर तापमानाची सूचना येते आणि फोन मान टाकतो. आयफोन ० ते ३५ अंशांत वापरा असं त्याची कंपनीच सांगते. आपल्याकडे मेमध्ये ४२-४३ ला कुणी बातमीही करत नाही. त्यात पडदा पूर्ण उजेडावर, चार्जिंग चालू आणि फोनला काळं कव्हर.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलीच्या हादऱ्यांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, अशी सूचना ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच काढली होती. चांगला फोन खिशात बरा.

हँडलवर आता घरातला जुना अँड्रॉइड आहे. सिम नाही, विमान मोड चालू. जीपीएसला नेट लागतं असं आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं. नेट लागतं ते नकाशाला. ओएसएमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचं, झालं काम. फक्त सिम नसल्यामुळे जागा सापडायला पहिल्यांदा वेळ लागतो. नेट असलं तर उपग्रह आत्ता कुठे आहेत ही माहिती फोन आयती उचलतो, नसलं तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि तो ती दर ३० सेकंदांनी सांगतो. मधे सिग्नल तुटला की परत पहिल्यापासून. म्हणून पेट्रोल भरताना ॲप उघडून ठेवायचं आणि पंपाच्या छपराखालून बाहेर येऊन मिनिटभर थांबायचं.

तापतो हाही, पण कमी. आणि मेलाच तर जुनाच होता.

पासष्ट नंबर

मी भाड्याची गाडी चालवतो, पुणे आणि हैदराबाद, दोन्हीकडे ६५ नंबरचा हायवेच. माझ्याकडे डॅशबोर्डमध्ये अँड्रॉइडचा पडदा आहे. बसवणाऱ्याने अँटेना पडद्यामागे लोखंडात कोंबली होती, त्यामुळे गाडी कायम शेजारच्या शेतातून चाललेली दिसायची. ती काचेजवळ वरच्या बाजूला चिकटवली तेव्हा ठीक झालं. असा पडदा घेणार असाल तर बसवताना शेजारी उभे राहा.

हायवेवर सगळ्यात जास्त घोळ उड्डाणपुलाखाली होतो. आपण वर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडला हे यंत्राला कळत नाही, दोन्ही जागा त्याच्या लेखी एकच. मॅपल्स या नकाशाच्या ॲपमध्ये पुढच्या फाट्याचं चित्र आधी येतं, त्याचा इथे खरा फायदा. गाडीत फोनच वापरत असाल तर तो एसीच्या झरोक्यासमोर अडकवा, काचेला नको. तेवढ्याने मे महिनाही निभतो.

रानातलं मला माहीत नाही. आमचे पॅसेंजर अक्कलकोटचे, गाणगापूरचे. तिकडे डांबर आहे.

बाराबंदी

माझ्याकडे गार्मिनचं झुमो एक्सटी आहे, मोटारसायकलसाठीच बनवलेलं. साडेपाच इंची पडदा, हातमोजे घालून चालतो, भर दुपारी दिसतो, पावसात आणि धुळीत काळजी नाही. लडाखला याच्या जिवावर गेलो. हे झालं कौतुक.

आता दुसरी बाजू. याची बॅटरी काही तासच टिकते, गाडीला वायर जोडावीच लागते. पत्ते शोधायला ते आपल्याकडे फोनच्या पासंगालाही पुरत नाही. जुळे सोलापुरातली सोसायटी शोधत बसाल तर संध्याकाळ होईल. मी ओपनस्ट्रीटमॅपवर बनवलेला फुकट नकाशा त्यात घातलाय. गाडीवाटा त्यात बऱ्याच सापडतात, कारण कुणीतरी भटक्याने त्या स्वतः जाऊन काढलेल्या असतात.

पण खरी मेख मला फार उशिरा कळली, म्हणून सविस्तर लिहितो. जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे यंत्रात घालायच्या वाटेच्या फाइलमध्ये, दोन प्रकार असतात, रूट आणि ट्रॅक. रूट म्हणजे मोजके थांबे. मधला रस्ता यंत्र आपल्या अकलेने काढतं, आणि त्याच्या पोटातला नकाशा तुमच्या संगणकावरच्या नकाशापेक्षा वेगळा असेल तर वाटही वेगळी निघते. तुम्ही घरी बसून ओढ्याकडेची छान गाडीवाट आखलेली असते, आणि यंत्र तुम्हाला मुकाट हायवेला नेऊन घालतं. ट्रॅक म्हणजे काढलेली रेघ. ती जशीच्या तशी पडद्यावर दिसते, यंत्र तिला हात लावत नाही. डावीकडे वळा, उजवीकडे वळा असं बोलतही नाही, आपण रेघ धरून जायचं.

डांबरी असेल तिथे रूट, रान लागलं की ट्रॅक. दुकानात बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, पण ट्रॅक आणि रूट दोन्ही एकाच वेळी पडद्यावर दिसतात का, आणि ट्रॅकचा रंग बदलता येतो का, एवढं पाहाच. फिकट निळी रेघ उन्हात दिसत नाही.

कडकभाकरी

बाराबंदी, हे सोन्यासारखं सांगितलंत. मी गाडीवाला आहे, त्यामुळे वायरचा प्रश्न नाही. पण गाडी ठेवून पुढे दोन-तीन किलोमीटर पायी जायचं असलं, तर झुमो काढून हातात धरता येतं का?

बाराबंदी

येतं, पण शोभत नाही. बॅटरीकडे बघत बघत चालावं लागतं.

माळटिटवी

गाडी ठेवून पायी जाणाऱ्यांतलीच मी. नान्नज आणि त्या पट्ट्यातल्या माळांवर पक्ष्यांच्या नोंदी करते. (माळढोक अभयारण्यात परवानगीशिवाय गाडी घालू नका, रेघ कितीही सुंदर असो.) माझ्याकडे गार्मिनचं इट्रेक्स ३२ एक्स आहे. हे यंत्र बघून लोक हसतात. पडदा सव्वादोन इंच, बटणं आणि एक इवलीशी दांडी. त्या दांडीने गावाचं नाव लिहायचं म्हणजे शिक्षाच. गाडी चालवताना याचा शून्य उपयोग, इतकं बारीक दिसतं.

मग का वापरते? कारण याचा पडदा उन्हावर चालतो. फोन सूर्याशी भांडतो, हा मागचा दिवा बंद करून सूर्याचाच उजेड परत फेकतो. दुपारी बाराला तो सर्वांत स्वच्छ दिसतो. दोन पेन्सिल सेलवर कंपनी २५ तास सांगते. मी चार्ज होणारे सेल वापरते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिंता नसते, आणि संपले तर कुठल्याही टपरीवर साधे सेल मिळतात. घामेजल्या बोटांनी, खिशातून न काढता, बटण दाबून जागेची खूण करता येते. आलेल्या वाटेने परत नेणारी सोय आहे, ती माळावर फार कामाची, कारण चारी दिशांना सारखंच गवत असतं आणि आपली गाडी खोलगटात उभी असेल तर शंभर पावलांवरूनही दिसत नाही.

आता जाहिरातीबद्दल. दोन फ्रीक्वेन्सीवाली नवी यंत्रं आलीत, किंमत बरीच वाढते. उंच इमारती, घाटातले कडे, दाट झाडी, जिथे सिग्नल कशावर तरी आपटून उशिरा पोचतो, तिथे त्यांचा खरा फायदा होतो. आपला माळ म्हणजे उघडं आभाळ. साधं यंत्रसुद्धा तीन ते पाच मीटरच्या आत जागा दाखवतं. नळदुर्गाच्या तटाला चिकटून उभं राहिलात तर आकडा थोडा भरकटतो, दहा पावलं मोकळ्यात या, परत जागेवर येतो. सह्याद्रीत सारखे जाणार असाल तर वेगळा विचार करा. एरवी ते पैसे टायरमध्ये घाला.

अजून दोन गोष्टी, ज्या कुठल्याही यंत्राला लागू आहेत.

जागेचे आकडे कुणी पाठवले तर ते कोणत्या पद्धतीत आहेत ते आधी विचारा. आमच्यातल्या एकाला फोनवरून “सतरा चाळीस” असं सांगितलं गेलं. सांगणाऱ्याच्या मनात १७ अंश ४० मिनिटं, म्हणजे सोलापूर शहराच्या आसपास. लिहिणाऱ्याने टाकलं १७.४० अंश. १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.६६७, तेव्हा फरक पडला तीसेक किलोमीटरचा, थेट दक्षिणेला. गडी भीमेच्या अंगाला जाऊन थांबला आणि तिथून फोन करून आम्हालाच विचारतोय, तुम्ही कुठे आहात.

दुसरं, भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे. वाटा, विहिरी, बांध सगळं दाखवणारे, मला फार आवडतात. पण ते एव्हरेस्ट या जुन्या मोजणीवर आधारलेले आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मोजणीवर चालतं. सोलापूरच्या पट्ट्यात दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. यंत्राच्या सेटिंगमध्ये ही मोजणी बदलता येते. ती न बदलता जुन्या नकाशावरचे आकडे टाकले, तर विहीर सापडत नाही म्हणून यंत्राला शिव्या बसतात. विभागाचे नवे खुले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्यांना हा त्रास नाही.

सीनाकाठ

राम राम. मी शेतकरी माणूस, यंत्र माझ्याकडे नाही, पण तुमची यंत्रं माझ्या बांधावर येऊन अडकतात म्हणून लिहितो.

बंधाऱ्यावरचा रस्ता नकाशात पक्का दिसतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे वरून गाडी जाईल एवढी पट्टी. पाऊस लागला, वरून पाणी सोडलं की ती पट्टी पाण्याखाली. नकाशाला त्याची खबर नसते, तो आपला जवळचा रस्ता म्हणून तिकडेच पाठवतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेने काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. त्यानंतर काठाच्या कितीतरी वाटा खचल्यात, नकाशात त्या अजून तशाच आहेत.

काळ्या रानात पाऊस पडून गेला की दोन दिवस पाणंदीला गाडी घालू नका. फोर बाय फोर असली तरी. माती चाकाला अशी धरते की चाक फिरतंय पण गाडी जागची हलत नाही.

आणि वाट विचारायची पण रीत आहे. “इकडून रस्ता हाय का?” विचारलं तर माणूस हो म्हणणारच, त्याचा ट्रॅक्टर जातो. त्यापेक्षा विचारा, “दुधाचा टेम्पो हितनंच येतो का?” टेम्पो रोज जात असेल तर तुमची गाडी जाईल. कारखाना चालू असला तर अजून एक बघा. उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या खोल केलेल्या असतात, बुटकी गाडी मधल्या उंचवट्यावर बसते. मागल्या साली एक पाहुणे असेच बसले होते. पडद्यावर निळी रेघ एकदम सरळ होती त्यांच्या.

चादरवाला

सीनाकाठ मालक, नमस्कार! टेम्पोचं आजच डायरीत लिहिलं.

माझा एक प्रश्न. भाचा अमेरिकेहून येतोय, तिकडे गार्मिनचं इनरीच स्वस्तात मिळतंय म्हणतो. नेटवर्क नसलं तरी उपग्रहावरून मेसेज जातो, संकटाचं बटणही आहे. मागवू का?

बाराबंदी

अजिबात नको! नुसतं जीपीएस आणि उपग्रहावरून बोलणारं यंत्र यात कायद्याने फरक आहे. जीपीएस फक्त ऐकतं, त्याला बंदी नाही. इनरीच उपग्रहाकडे मेसेज पाठवतं, आणि दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र भारतात बाळगणं गुन्हा आहे. ते बॅगेत सापडलं म्हणून विमानतळावर परदेशी पर्यटक अडकले आहेत. भाच्याला बदाम आणायला सांगा.

शेंगाचटणी

😄

आणि नाविक, म्हणजे आपलं भारतीय जीपीएस, कुणी वापरलंय का? माझ्या नव्या फोनमध्ये यादीत दिसतं.

माळटिटवी

ते वेगळं ‘वापरायचं’ नसतं, शेंगाचटणी. फोनची चिप जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, नाविक जे ऐकू येईल ते एकत्र करून जागा काढते. जागा नक्की करायला किमान चार उपग्रह लागतात. जास्त दिसले तर घाटात बरं. माळावर तुला फरक जाणवणार नाही.

कडकभाकरी

मंडळी, वाचून डोक्यात बरंच साफ झालं. गाडीत जुना फोन एसीपुढे आणि पायी जायला हातातलं छोटं यंत्र, असा कल होतोय. झुमोचा विचार घरातलं वातावरण बघून. माळटिटवीताई, तुमचं इट्रेक्स एकदा हातात घेऊन बघायला मिळेल का? दुकानात काचेच्या पेटीत असतं, तिथे काय कळणार.

माळटिटवी

या की. येत्या रविवारी मी बार्शी रोडला आहेच, फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेऊ. फक्त सकाळी येऊ नका, दुपारी बाराला या. आणि येताना तुमचा फोनही पूर्ण उजेडावर ठेवून आणा, दोन्ही बोनेटवर शेजारी शेजारी ठेवून बघू. सेल तुमचे तुम्ही आणा, माझे मोजून आणलेले असतात.