स्क्रीनवर आलेल्या नंबरला फोन करू का? : सोसायटी ग्रुप, लातूर

गुरुजी, अ-१०३: नमस्कार मंडळी. कॉम्प्युटरवर पेपर वाचत होतो, एकदम सगळी स्क्रीन निळी झाली. तुमच्या संगणकात व्हायरस आहे, बंद कराल तर सगळं जाईल, या नंबरवर फोन करा, असं इंग्रजीत आलंय. मोठ्यानं आवाज वाजलालाय अन् ते बंदच होईना. पेन्शनची सगळी कागदं त्यातच आहेत. फोन लावू का?

दादा, क-३०४: गुरुजी, अजिबात लावू नका. नंबर ग्रुपवरही टाकू नका. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात तुमचा ब्राउझर निवडून 'एंड टास्क' करा. पुन्हा उघडल्यावर आधीची पानं उघडू का असं विचारलं तर नाही म्हणा.

गुरुजी, अ-१०३: गेलं बाबा! आवाजही बंद झाला. मग तो व्हायरस कुठं गेला?

दादा, क-३०४: तो नव्हताच. ते नुसतं एक वेबपान होतं, पूर्ण स्क्रीनभर पसरवलेलं. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो, मायक्रोसॉफ्टनं तसं स्पष्ट सांगितलेलं आहे. आधी घाबरवायचं, फोन आला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायची अॅप्स, टाकायला लावायचं, अन् मग 'दुरुस्तीचे पैसे' म्हणून नेटबँकिंग उघडायला सांगायचं. ती अॅप्स वाईट नाहीत, मीही कामाला वापरतो. पण अनोळखी माणसाला त्यातून आत घेणं म्हणजे घराची किल्ली देणं. मनाची खात्री हवी असेल तर विंडोज सिक्युरिटीत जाऊन डिफेंडरचं, म्हणजे विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन करा. मशीन आपोआप रीस्टार्ट होते, म्हणून हातातलं काम आधी सेव्ह करा.

ताई, ब-२०१: दादा, समजा कुणी फोन लावला अन् कॉम्प्युटर त्यांच्या हाती दिलाच, तर?

दादा, क-३०४: सगळ्यात आधी इंटरनेट तोडा. वायर काढा किंवा राउटरच बंद करा. मग मोबाइलवरून बँकेला आणि १९३० ला फोन. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधेच अडवता येण्याची आशा जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, त्या मशीनवरून नाही. आणि घरच्यांना विनंती, अशा वेळी म्हाताऱ्या माणसावर ओरडू नका. रागावतील म्हणून माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, अन् तोवर पैसे पुढं निघून जातात.

काकू, अ-२०२: आमच्याकडं विंडोज १० आहे. पोराच्या नीटचे सगळे नोट्स त्यात. दुकानदार म्हणतो, आता हे चालणार नाही, नवीनच घ्या.

दादा, क-३०४: काकू, चालतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडा, तिथं वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते. घरगुती मशीनला ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, म्हणजे सुरक्षेची एक चिप, ते तुमच्या मशीनमध्ये आहे का मी बघतो. तोवर पैसे काढू नका. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क, टाकली की मशीन चांगलीच पळते.

भाऊ, ब-४०२: एकानं मला क्रॅक करून, म्हणजे लायसन्स न घेता चोरून, विंडोज ११ टाकून देतो म्हणलंय. अँटिव्हायरस तेवढा बंद ठेवा म्हणतो.

दादा, क-३०४: भाऊ, तिथंच थांबा. आधी वॉचमनला घरी पाठवा, मग मी येतो, असं कुणी म्हणलं तर येऊ द्याल का? चालू डिफेंडर घरच्या कामाला पुरतो, फक्त अपडेट थांबवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला होता, आठवतं? फायली कुलूपबंद करून खंडणी मागत होता. त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांच्यातलीच बहुतेक मशीन्स सापडली.

गुरुजी, अ-१०३: मग माझ्या कागदांचं काय करायचं? खरी काळजी तीच आहे.

दादा, क-३०४: गुरुजी, मशीन बाजारात मिळते, तुमची कागदं मिळत नाहीत. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा जोडा, कॉपी करा आणि लगेच काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवली तर खंडणीवाला व्हायरस तिच्यावरही चढतो. महत्त्वाच्या फायली गूगल ड्राइव्हवरही ठेवा. पण फोल्डर सिंक केलेलं, म्हणजे दोन्हीकडं आपोआप सारखं राहील असं जोडलेलं, असेल तर इथून पुसलं की तिथूनही पुसलं जातं, म्हणून एकट्या ड्राइव्हवर विसंबू नका. कॉपीतल्या दोन-चार फायली उघडून बघितल्याशिवाय काम झालं असं धरू नका. हे मी फार कळकळीनं सांगतोय.

ताई, ब-२०१: आमची मशीन दुपारी आपोआप बंद पडते.

दादा, क-३०४: आपल्याकडचा उन्हाळा अन् आतली धूळ. प्लग काढून, पंख्याची पाती बोटानं धरून ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भन्नाट फिरून खराब होतो. सीपीयू जमिनीवर, भिंतीला चिकटून ठेवू नका. वळवाच्या पावसात विजा कडाडायच्या आधीच पॉवरचा प्लग काढा, इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही. विजेचा झटका त्या वायरीतूनही येतो. व्होल्टेज वरखाली होतं तिथं यूपीएस घ्याच.

सचिव: रविवारी सकाळी दहाला ऑफिस उघडं ठेवतो. दादा, जमेल का? ज्यांना बॅकअप करायचाय त्यांनी हार्ड डिस्क घेऊन या.

दादा, क-३०४: येतो. गुरुजी, कॉम्प्युटर उचलून आणू नका, मीच आधी तुमच्याकडं येतो. काकू, लॅपटॉप चार्जरसकट आणा.