शाफई सून, हनफी सासर: अकराव्या दिवशी रोजा ठेवायचा की नाही?

दर्यापूरची खाला:
माझ्या बहिणीची सून रत्नागिरीकडची. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे, आम्ही वऱ्हाडातले हनफी मसलकाचे; मसलक म्हणजे धर्माचे नियम लावायची परंपरा. कॉपर-टी बसवल्यापासून तिची पाळी लांबते. या रमजानमध्ये अकराव्या दिवशी सासूने तिला सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठवलं. "दहा दिवस झाले, आता हा हैज (पाळी) नाही, इस्तिहाजा (पाळीबाहेरचं रक्त). गुस्ल (पाक होण्याची आंघोळ) कर आणि रोजा ठेव." सून म्हणाली, "आमच्यात पंधरा दिवसांपर्यंत हैजच धरतात, त्यात रोजा होतच नाही." दोघीही रडल्या.

माझं स्पष्ट मत आहे, सुनेला तिच्या मसलकावर राहू द्या. निकाहाने मसलक बदलत नाही. हनफींत हैज कमीत कमी तीन दिवस, जास्तीत जास्त दहा. शाफईंत एक दिवस-रात्र ते पंधरा दिवस. दोन्ही हिशोब मोठ्या इमामांचेच आहेत.

मदरसावाला, बाळापूर:
खाला, मला हे पटत नाही. एका चुलीवर दोन हिशोब चालले की घरातल्या लहान मुली कोणाचं ऐकतील? शिवाय सासूबाईंचा हनफी हिशोबही अर्धाच आहे. रक्त दहाच्या पुढे गेलं तर आदत, म्हणजे पाळीचे नेहमीचे दिवस, बघतात. आदत सहा दिवसांची असेल, तर सातव्यापासून सगळा इस्तिहाजा आणि त्या दिवसांच्या सुटलेल्या नमाजा कजा कराव्या (नंतर भरून काढाव्या) लागतात. आज शाफई सोयीचं, उद्या इद्दत (तलाकनंतर थांबण्याचा काळ) मोजताना हनफी सोयीचं, असं करून चालणार नाही.

दर्यापूरची खाला:
सोय कसली? सुटलेला प्रत्येक रोजा ती नंतर भरणारच आहे.

मदरसावाला, बाळापूर:
रोजे भरेल. हैजच्या नमाजा तर माफ होतात ना? पाच दिवस जास्त धरले की पंचवीस नमाजा गेल्या.

दर्यापूरची खाला:
शाफई मताने त्या दिवसांत नमाज पढणंच हराम आहे, भाऊ. ती नमाज चुकवत नाही, हुकूम पाळते.

आलिमा, कारंजा:
मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे. पैगंबरांच्या काळातल्या फातिमा बिन्त अबी हुबैश यांचं रक्त थांबतच नव्हतं, तेव्हा रसूलुल्लाह (पैगंबर) म्हणाले की हे शिरेचं रक्त आहे, हैज नाही. तुझ्या हैजचे जेवढे दिवस असायचे तेवढे नमाज सोड, मग गुस्ल कर आणि नमाज पढ. यात दहा नाही, पंधराही नाही. इब्ने तैमिया या जुन्या धर्मपंडितांनी तर कमाल-किमान हदच मानली नाही. आपली आदत त्या बाईलाच ठाऊक असते, पण आमच्याकडे तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात.

आशाताई, मूर्तिजापूर:
मी तुमच्या धर्मातलं सांगत नाही, पण बाई अकरा दिवस रक्त जाऊन रायलं अन् तुम्ही सहरीवर भांडता? तांबी (कॉपर-टी) बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, हे खरं हाय. पण चक्कर येत असंन, डोळ्याच्या पापणीत पांढरं दिसत असंन, तर आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. आजारी माणसाले रोजा माफ हाय ना?

आलिमा, कारंजा:
हो ताई, माफ आहे. बरी झाल्यावर भरायचा. सूरह बकराच्या १८५ व्या आयतीतच आहे.

मदरसावाला, बाळापूर:
तपासणी करा, त्यात वादच नाही. एका घरात एकच हिशोब असावा, हे माझं मत कायम आहे. तरी जबरदस्तीने सहरीला उठवणं चूकच. आणि तिचा मसला (धर्माचा प्रश्न) विचारायचाच असेल तर आमच्या गावच्या मौलानांना नको, तिच्या माहेरच्या शाफई आलिमांना फोन लावा. आधी तिची आदत किती दिवसांची होती, ते तिच्याच तोंडून ऐका.