तलावाचा गाळ जिओट्यूबमध्ये निथळून भरावाला आणि विटांना चालेल का?

खडीवाला: गावतळ्यातला काळ्या मातीचा गाळ कटर सक्शन ड्रेजरने (तळ कापून गाळ पंपाने ओढणारं यंत्र) काढायचाय. अंदाजे 5,000 घनमीटर स्लरी (पाण्यात मिसळलेला पातळ गाळ), त्यात वजनाने 10 टक्के माती. वाळवणीच्या वाफ्यांना जागा नाही. पुरवठादार म्हणतो, जिओट्यूबमधून (पाणी झिरपू देणाऱ्या कापडाची मोठी नळीसारखी पिशवी) 50 टक्के घन माल निघेल, तो थेट रस्त्याच्या भरावात टाका. मातीचे कण गाठीत गोळा करणारं पॉलिमर किती धरू?

निचरा: आधी हिशेब. 10 टक्क्यांच्या एका घनमीटर स्लरीत साधारण 107 किलो कोरडी माती, म्हणजे एकूण 530 टनांच्या आसपास. 50 टक्क्यांना आल्यावर ढीग उरेल जेमतेम 730 घनमीटर.

आता मेख. ते 50 टक्के एकूण वजनावर आहेत. मातीची प्रयोगशाळा ओलावा कोरड्या वजनावर मोजते, तिच्या भाषेत हा 100 टक्के ओलावा झाला. काळी माती दाबायला 20–25 च्या आसपास लागतो. थेट टाकलात तर रोलर रुतेल.

पॉलिमरचा डोस बादलीतच ठरवायचा. कोरड्या टनामागे 1, 2, 3 किलो असे नमुने करा. गाठी लवकर बसाव्यात, वरचं पाणी नितळ दिसावं. जास्त झालं की माल बुळबुळीत होतो आणि कापडाची छिद्रं बुजतात. 2 किलो ठरले तर 0.2 टक्के द्रावण टनामागे 1,000 लिटर, म्हणजे एकूण पाचशेहून जास्त घनमीटर स्वच्छ पाणी. हे कोटेशनमध्ये हमखास राहून जातं. भुकटी पाण्यात भिजून किमान अर्धा तास मुरू द्या. द्रावण पंपाच्या पुढे सोडा, पंपाआधी नको. पंपाच्या पात्यांनी गाठी फुटतात.

ट्यूबखालची जागा आडवी सपाट हवी, नाहीतर ट्यूब लोळते. कंपनीने दिलेल्या उंचीपलीकडे भरलीत तर आधी शिवण जाते.

खडीवाला: मग निघालेल्या मालात चुना टाकून वाळवला तर?

निचरा: चुन्याने वाळेल ही आशा सोडा. एक किलो कळीचा चुना 0.32 किलो पाणी बांधतो. 100 किलो मातीला 5 किलो टाकला तरी, उष्णतेची वाफ धरून, 100 किलो पाण्यातलं फार तर चारेक किलो जाईल. 20–25 सेंमी थर पसरा, रोज रोटाव्हेटर फिरवा. ओलावा तिशीच्या आसपास आला की चुना. त्याचं काम फुगणं कमी करायचं. तळ्यात सांडपाणी येत असेल तर सेंद्रिय पदार्थ आधी तपासा, तेच चुना खाऊन टाकतात. आणि हे सगळं पावसाआधी उरकायला हवं.

भट्टीशेजारी: विटांबद्दल. नुसती काळी माती सुकतानाच तडकते. राख किंवा वाळू 30–40 टक्के मिसळून आधी शंभरेक विटा भाजून बघा. चुनखडीचे खडे चाळून काढा. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, हवेतल्या ओलीने फुगतो आणि आठवड्याभराने विटेची कपची उडते. पाणी शोषण 20 टक्क्यांच्या वर गेलं तर विटांच्या आयएस 1077 या भारतीय मानकात बसणार नाही.

जाता जाता: खाडीचा गाळ असता तर मिठामुळे विटेला लोणा धरला असता. तळ्याच्या गाळात तेवढी एक कटकट कमी.