मदत हवी आहे : बायपासनंतर छातीला बनियनसुद्धा सहन होत नाही, ट्रामाडॉलशिवाय काय?

वडील ६४ वर्षांचे, वजन ५८ किलो, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.४. बायपासला सहा आठवडे झाले. जखम कोरडी आहे, पण डाव्या बाजूला आग होते, कापड लागलं तरी कळ येते. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीने गुंगी आणि बद्धकोष्ठता झाली, डॉक्टरांनी बंद केलं. सध्या दुखेल तेव्हा डोलो ६५० (पॅरासिटामॉल). राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधून एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल मिळालंय, देऊ का?

उत्तर १
नका देऊ, कृपया. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटाने बायपासनंतर हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, शिवाय १.४ क्रिएटिनिनवर किडनीला मार बसतो.

आग होते ती नसांची. बायपाससाठी छातीच्या आतली डावी धमनी सोडवून घेतात, तेव्हा बरगड्यांमधल्या नसा दुखावतात. मग साधा स्पर्शही मेंदूपर्यंत वेदना म्हणून पोचतो. पॅरासिटामॉल त्यावर तोकडं पडतं, छातीच्या कापलेल्या हाडाच्या दुखण्यावर मात्र चालतं, तेही वेळ धरून घेतलं तर. डॉक्टरांना विचारून ६५० मिग्रॅ दर सहा तासांनी, म्हणजे दिवसाला २.६ ग्रॅम. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते यात मोजा. लिव्हरचा त्रास असेल तर डोस कमी लागतो.

नसांच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. हे औषध किडनीतून बाहेर पडतं. वय, वजन, क्रिएटिनिन धरून वडिलांचा क्लिअरन्स (किडनी मिनिटाला किती मिली रक्त साफ करते तो अंदाज) साधारण ४४ येतो, म्हणजे नेहमीच्या निम्माच डोस. सुरुवात रात्री, २५ किंवा ५० मिग्रॅने. चक्कर येते, म्हणून रात्री बाथरूमला जाताना सोबत हवी. पायांना सूज येऊ शकते. ती औषधाची की हृदयाची, हे घरी ठरवू नका. एकदम बंदही करू नका, किमान आठवडाभर कमी करत न्या.

उत्तर २
५ टक्के लिडोकेनची (जागा बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टी मिळते का बघा. पूर्ण भरलेल्या कातडीवरच, १२ तास लावायची, १२ तास काढून ठेवायची. मऊ सुती कापड दोन-तीन मिनिटं हलकेच फिरवा, दिवसातून तीन-चार वेळा. सवय होईल तसं जरा खरखरीत घ्या. बधिर जागी गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. खोकताना छातीशी उशी घट्ट धरू दे.

प्रश्नकर्ता
वडिलांना अमिओडेरॉन (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारं औषध) चालू आहे. पट्टी चालेल?

उत्तर २
ते आधी हृदयाच्या डॉक्टरांना सांगा; अमिओडेरॉनमुळे लिडोकेन रक्तात साचू शकतं. आणि छातीच्या हाडात कटकट वाजलं, पू किंवा ताप आला, तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशनआधीसारखं छातीत दुखलं, तर लगेच १०८.